एच-इंडेक्सच्या रकान्यात शून्य लिहिण्याआधी: सीमाभागातल्या मराठी अभ्यासकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांसमोर अधूनमधून एक फॉर्म येतोच. कधी बढतीसाठी, कधी कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तयारीसाठी, कधी पीएचडीच्या गाइडशिपसाठी. त्यात प्रकाशनांचा मोठा तक्ता असतो आणि खाली तीन छोटे रकाने: एकूण सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या लेखनात तुमच्या कामाचे दिलेले संदर्भ), आणि त्यांवरून काढलेले एच-इंडेक्स व आय-टेन इंडेक्स. विज्ञान शाखेचे सहकारी ते आकडे पटकन भरून मोकळे होतात. मराठी विभागात मात्र तिथे शून्य लिहिलं जातं किंवा आडवी रेघ ओढली जाते.

कॉलेजच्या ग्रंथालयात काम करताना हे फॉर्म माझ्या टेबलावरून जातात, आणि मला ठामपणे वाटतं की ते शून्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. त्या प्राध्यापकांच्या पुस्तकाचा आधार घेऊन कोल्हापुरात, धारवाडात प्रबंध लिहिले गेलेले असतात. संगणकाला ते वाचता आलेले नसतात, एवढंच. आपल्याकडच्या अभ्यासकाचं लेखन दोन राज्यांत, तीन भाषांत आणि दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांच्या नावांखाली विखुरलेलं असतं. ते एकत्र आणणं, यंत्राला वाचता येईल असं करणं आणि मग मोजणं, याच क्रमाने काम करावं लागतं. आधी मोजायला बसलात तर हाती निराशाच येईल.

आधी संपूर्ण यादी

एक्सेलची एक शीट उघडा. प्रत्येक प्रकाशनाला एक ओळ. रकाने असे: लेखाचं किंवा पुस्तकाचं शीर्षक जसं छापलंय तसं देवनागरीत, तेच रोमन लिपीत, इंग्रजीत अर्थ, छापलेलं लेखकनाव, सहलेखक, नियतकालिक किंवा प्रकाशक, गाव, वर्ष, महिना, अंक, पृष्ठं, आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक), समीक्षित म्हणजे तज्ज्ञांनी तपासून छापलेलं आहे की नाही, त्या वेळी तुम्ही कुठल्या कॉलेजात होतात आणि ते कुठल्या विद्यापीठाला संलग्न होतं.

शेवटचा रकाना आपल्याकडे फार महत्त्वाचा. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं. त्याआधी बेळगाव जिल्ह्यातली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे एकाच कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या जुन्या लेखांवर एक विद्यापीठ आणि नव्या लेखांवर दुसरं दिसतं. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बदललं. लेखाखाली कधी बेळगाव, कधी बेळगावी, इंग्रजीत कधी बेलगाम. छाननी करणारा माणूस बाहेरचा असेल तर त्याला हे तीन वेगळे पत्ते वाटू शकतात. यादीच्या वरच दोन ओळींत खुलासा लिहून ठेवा.

जे जे छापून आलंय ते सगळं यादीत घ्या, पण वेगवेगळ्या गटांत. समीक्षित नियतकालिकातले लेख एकीकडे. संपादित ग्रंथातली प्रकरणं दुसरीकडे. स्वतंत्र पुस्तकं, संपादनं, अनुवाद वेगळे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथल्या साहित्य संमेलनांतली भाषणं, स्मरणिकांतले लेख, दैनिकांच्या रविवार पुरवणीतलं लेखन यांचा गट 'समाजाभिमुख लेखन' असा ठेवा. हे लेखन कमी दर्जाचं म्हणून वेगळं काढायचं नाही. सीमाभागात मराठी वाचक टिकवण्याचं मोठं काम याच लेखनाने केलं आहे. पण पुरवणीतला लेख शोधनिबंधाच्या तक्त्यात घुसवला, की तपासणाऱ्याचा बाकीच्या खऱ्या शोधनिबंधांवरचाही विश्वास उडतो.

प्रत्येक नोंदीचा पुरावा एका फोल्डरमध्ये: मुखपृष्ठ, प्रकाशनतपशिलाचं पान, अनुक्रमणिका, लेखाचं पहिलं आणि शेवटचं पान. मोबाइलवर स्कॅन केलं तरी चालतं, फक्त फाइलला नाव नीट द्या: वर्ष, छोटं शीर्षक, पान कशाचं. जुना अंक तुमच्याकडे उरला नसेल तर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. १८४८ पासूनची संस्था आहे, आणि जुनी नियतकालिकं अशाच ठिकाणी जपलेली असतात.

नावाचा प्रश्न

पाटील, कुलकर्णी, देसाई, जाधव. आपल्याकडची ही आडनावं हजारोंच्या संख्येने आहेत. मराठी पद्धतीत नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव असा क्रम. कर्नाटकातल्या कागदपत्रांत बरेचदा आद्याक्षरं पुढे. लग्नानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिकांचे आधीचे लेख दुसऱ्याच व्यक्तीचे वाटतात. यावर उपाय म्हणजे ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक. २०१२ पासून ही सेवा सुरू आहे, फुकट आहे, आणि सोळा अंकी क्रमांक आयुष्यभर तुमचाच राहतो. नोंदणी करताना 'इतर नावे' या जागी नावाचं प्रत्येक रूप लिहा: देवनागरी, रोमन, आद्याक्षरांसह, माहेरच्या आडनावासह. कन्नड लिपीत तुमचं नाव कुठे छापलं असेल तर तेही.

मग पुढच्या लेखांसाठी रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि कधीही बदलू नका. संपादकाला लेख पाठवताना नावाखालीच ऑर्किड क्रमांक द्या. भारतातल्या अध्यापकांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा 'विद्वान' हा माहितीसाठा आहे, तिथेही प्रोफाइल करा आणि दोन्ही जोडा.

यंत्राला वाचता येत नाही, ते का?

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. आकडे कमी दिसण्याचं मुख्य कारण इथे आहे.

आपल्याकडचे अंक आणि पुस्तकं वर्षानुवर्षं डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवली गेली. कन्नडमध्ये हीच गोष्ट नुडी आणि बरहाच्या जुन्या फाँटांची. या फाँटांत पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या आत कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. छापायला काही अडचण येत नाही. शोधयंत्राला मात्र त्या पानावर मराठी दिसतच नाही, निरर्थक चिन्हांची रांग दिसते. तुमच्या पुस्तकाचा उल्लेख त्या अंकाच्या संदर्भसूचीत दहादा असला तरी यंत्राच्या लेखी तो नाही.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी आलं तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना वाचता येणाऱ्या लिपीसंकेतात आहे. चिन्हांची खिचडी आली तर जुन्या फाँटमध्ये. ओळ निवडताच येत नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो.

जुन्या फाँटची फाइल असेल तर फाँट बदलणारी साधनं वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. नंतर मुद्रितशोधन करावंच लागतं: जोडाक्षरं, रफार, 'ज्ञ', 'ऱ्य' आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात. पान फोटोसारखं असेल तर गुगल ड्राइव्हमध्ये चढवून गुगल डॉक्सने उघडा. मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीतही मराठी आहे. जुन्या खिळ्यांच्या छपाईला चुका जास्त येतात, तेव्हा निदान शीर्षक, सारांश आणि संदर्भसूची हाताने टंकून घ्या.

मग नवी पीडीएफ बनवताना गुगल स्कॉलरचे साधे नियम पाळा. एका लेखाची एक फाइल. आकार पाच एमबीच्या आत. पहिल्या पानाच्या वर शीर्षक मोठ्या अक्षरात, त्याखाली वेगळ्या ओळीवर लेखकाचं नाव. शेवटी संदर्भसूची स्वतंत्र मथळ्याखाली. तो मथळा मराठीबरोबर इंग्रजीतही द्या, कारण यंत्र त्याच शब्दावरून सूची कुठे सुरू होते ते ओळखतं. तळटीपांत 'तत्रैव', 'उपरोक्त', 'उनि' लिहायची आपली जुनी रीत वाचकाला चालते, यंत्राला त्यातून काहीच कळत नाही. तळटिपा तशाच ठेवा, पण शेवटच्या सूचीत प्रत्येक ग्रंथाचा पूर्ण तपशील एकदा यायलाच हवा.

ही फाइल ठेवायची कुठे? कॉलेजच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांच्या पानाखाली ठेवता आली तर उत्तम. शिवाय झेनोडो हा युरोपातल्या सर्न संस्थेने चालवलेला मुक्त साठा आहे, २०१३ पासून. तिथे लेख फुकट ठेवता येतो आणि त्याला डीओआय हा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक मिळतो. तो क्रमांक ऑर्किडशी जोडता येतो. चढवताना भाषा मराठी निवडा, शीर्षक दोन्ही लिप्यांत द्या, आणि सूचक शब्दांत स्थळनामं नक्की घाला. हलशीच्या कदंब ताम्रपटांवरचा लेख 'हलशी', 'हलसी', 'खानापूर', 'बेळगाव', 'कदंब' या कुठल्याही शब्दाने सापडायला हवा.

परवानगी मात्र आधी घ्या. लेख तुमचा असला तरी प्रकाशनाचे हक्क नियतकालिकाकडे किंवा प्रकाशकाकडे असू शकतात. संपादकांना साधं पत्र लिहा, उत्तर ईमेलवर मागा आणि ते जपून ठेवा. मराठी नियतकालिकांचे संपादक सहसा आनंदाने हो म्हणतात. त्यांच्या अंकाचाही उल्लेख वाढतो.

गुगल स्कॉलरचं प्रोफाइल

गुगल स्कॉलर २००४ मध्ये सुरू झालं आणि मानव्यविद्यांसाठी आज तरी तेच सगळ्यात उपयोगी आहे, कारण ते पुस्तकं, प्रबंध आणि प्रादेशिक भाषांतली कागदपत्रंही बघतं. प्रोफाइल कॉलेजच्या ईमेलवर पडताळून घ्या. नुसत्या जीमेलवर केलेलं प्रोफाइल इतरांच्या शोधात येत नाही. कॉलेजने ईमेल दिला नसेल तर प्राचार्यांकडे लेखी मागा. कॉलेजचं स्वतःचं संकेतस्थळ असेल तर असे पत्ते काढून देणं अवघड नाही.

सुरुवातीलाच एक निवड विचारली जाते: नवे लेख आपोआप जोडायचे की आधी तुम्हाला विचारायचं. दुसरी निवडा. आपोआप जोडू दिलं, तर दुसऱ्या कुठल्या तरी पाटलांचे ऊसलागवडीवरचे लेख तुमच्या यादीत येऊन बसतील, त्यांचे संदर्भ तुमच्या नावावर जमा होतील, आणि ते कोणाच्या नजरेस आलं तर खुलासा तुम्हाला करावा लागेल.

मराठी लेखाच्या बऱ्याचदा दोन नोंदी झालेल्या असतात, एक देवनागरी शीर्षकाची आणि एक रोमन. दोन्ही निवडून 'मर्ज' करा, संदर्भ एकत्र होतात. काही ठिकाणी तुमचं पुस्तक प्रत्यक्ष फाइल नसताना फक्त संदर्भ म्हणून दिसेल. याचा अर्थ कुणीतरी आपल्या सूचीत ते दिलं आहे आणि यंत्राने तिथून ते उचललं आहे. अशी नोंद सोडू नका, प्रोफाइलमध्ये घ्या. जे सापडतच नाही ते हाताने भरता येतं.

शोधताना मराठीचे लेखनभेद लक्षात ठेवा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'बेळगांव', 'मराठींत' असे अनुस्वार असतात. 'अॅ' आणि 'ॲ' डोळ्यांना सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. 'ऱ्य'मधला 'र' दोन प्रकारे टंकला जातो. म्हणून आपलं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून प्रत्येक रूपात शोधा, मग रोमनमध्येही.

आता मोजणी

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. प्रकाशनं संदर्भसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावायची. ज्या क्रमांकापर्यंत संदर्भसंख्या त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहे, तो क्रमांक म्हणजे एच. आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त संदर्भ असलेली प्रकाशनं किती; हे गुगल स्कॉलरचं स्वतःचं माप.

समजा, एका अभ्यासकाच्या सहा प्रकाशनांना १४, ९, ६, ४, ३, १ असे संदर्भ आहेत. एकूण ३७. चौथ्याला चार आहेत, पाचव्याला तीनच, म्हणून एच-इंडेक्स ४. आय-टेन १.

यातलं पहिलं प्रकाशन म्हणजे त्यांचा मोठा ग्रंथ, समजा मराठी संगीत नाटकावरचा, गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांपासून सुरू होणारा. त्या ग्रंथाचे आणखी ४० संदर्भ हाताने शोधून सापडले. ग्रंथाचे संदर्भ ५४ झाले, एकूण ७७. एच-इंडेक्स? ४ च. उलट चौथ्या लेखाला एक आणि पाचव्याला दोन संदर्भ वाढले, फक्त तीन, की एच-इंडेक्स ५ होतो. दहा वर्षं खपून लिहिलेल्या ग्रंथाचा प्रभाव या मापात दिसतच नाही. आपल्या विद्याशाखांत ज्ञान ग्रंथांतून पुढे जातं, म्हणून एच-इंडेक्स एकटा कधीही देऊ नये. सोबत एकूण संदर्भ द्या आणि सर्वाधिक संदर्भ असलेलं प्रकाशन नावानिशी द्या.

प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहा: 'गुगल स्कॉलर, अमुक दिवशी पाहिले'. त्या दिवसाचा स्क्रीनशॉट काढा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संदर्भ मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय साठ्यांमध्ये मराठी नियतकालिकं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे तिथला तुमचा आकडा छोटा येईल. त्याची लाज वाटायचं कारण नाही, पण तो लपवूही नका. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की फरक कुठून येतो ते वाचणाऱ्याला दिसतं. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी प्रकाशनांसाठी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सकडे बघते, म्हणून प्राचार्यांनाही हा फरक समजावून सांगावा लागतो. ओपनअॅलेक्स हा २०२२ पासूनचा मुक्त साठा आहे, डीओआय असलेलं काम तिथे बघून घ्या. गुगल स्कॉलरमधली माहिती काढून तक्त्यात टाकायला 'पब्लिश ऑर पेरिश' हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे.

हाताने शोधायचे संदर्भ

हे काम कष्टाचं आहे आणि मला यातच खरं समाधान मिळतं, कारण आपलं लिखाण कुणाच्या हाती लागलं आणि त्यातून त्यांनी काय उभं केलं ते इथे समोर येतं.

पहिला मुक्काम शोधगंगा. इन्फ्लिबनेटच्या या साठ्यात देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत. शिवाजी विद्यापीठ, कर्नाटक विद्यापीठ, राणी चन्नम्मा विद्यापीठ यांपासून सुरुवात करा, मग मुंबई, पुणे, गोवा. नुसतं आपलं नाव घालून शोधलंत तर थोडंच मिळेल, कारण अनेक प्रबंध स्कॅन केलेले किंवा जुन्या फाँटमधले आहेत. विषयाने शोधा. तुमचा ग्रंथ सौंदत्तीच्या यल्लम्मा परंपरेतल्या जोगतिणींच्या गाण्यांवर असेल तर लोकसाहित्यावरचे मराठी आणि कन्नड दोन्ही प्रबंध काढा. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार फाइलींत असतो आणि ग्रंथसूचीची फाइल सहसा वेगळी असते. ती उघडा, डोळ्यांनी वाचा. नाव सापडलं की प्रकरणांत जाऊन कुठे, कशासाठी वापरलं ते बघा.

दुसरा मुक्काम गुगल बुक्स. पुस्तक पूर्ण दिसत नसलं तरी दोन-तीन ओळींचा तुकडा दिसतो आणि पान क्रमांक कळतो. मग ते पुस्तक ग्रंथालयात काढून खात्री करायची. तुकड्यावर विसंबून नोंद करू नका.

तिसरा मुक्काम कपाटं. तुमच्या विषयावर नंतर निघालेली पुस्तकं आणि नियतकालिकांचे अंक काढून त्यांच्या सूची पाहायच्या. पुण्याचं 'भाषा आणि जीवन', वाईचं 'नवभारत', भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, साहित्य परिषदांच्या पत्रिका यांत आपल्या भागावरचं लेखन येत असतं. बेळगावात १९४६ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनावर तुम्ही लिहिलं असेल, तर संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावामुळे त्या संमेलनाचा उल्लेख राज्यशास्त्राच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांतही येतो. म्हणजे शोध मराठी विभागाच्या कपाटाबाहेर न्यावा लागेल.

कन्नड पुस्तकं तर बहुतेक जण बघतच नाहीत. धारवाडच्या अभ्यासकांनी मराठी-कन्नड संबंधांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं आहे. शिलालेख, बोली, नाटक, भक्तिपरंपरा या विषयांवर तुमचं काम असेल तर कन्नड ग्रंथसूचीत तुमचं नाव असण्याची बरीच शक्यता आहे. स्वतःला कन्नड वाचता येत नसेल तर कन्नड विभागातल्या सहकाऱ्याबरोबर एक दुपार ग्रंथालयात बसा. बदल्यात त्यांच्या कामाचे मराठीतले संदर्भ तुम्ही शोधून द्या. सीमाभागात भाषेवरून जे काही ताणतणाव असोत, ग्रंथालयातल्या टेबलावर हा व्यवहार फार चांगला चालतो.

प्रत्येक सापडलेल्या संदर्भासाठी शीटमध्ये एक ओळ: कुणी, कुठे, वर्ष, पान, भाषा, आणि वापर कसा झाला. वापराचे चार प्रकार करा: नुसता उल्लेख, माहितीसाठी आधार, मताशी वाद, तुमच्या मांडणीवर पुढची बांधणी. संख्या मोजताना हे चारही सारखे धरले जातात, पण एखाद्या प्रबंधाचं पूर्ण प्रकरण तुमच्या मांडणीशी वाद घालतं तेव्हा त्याचं वजन सूचीतल्या एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त असतं. स्वतः स्वतःचे दिलेले संदर्भ वेगळे मोजा. एकमेकांचे संदर्भ द्यायचे ठरवून आकडे फुगवणं हे उघड लबाडीचं आहे, त्यात पडू नका. आपला अभ्यासकवर्ग छोटा असल्यामुळे ते लगेच दिसूनही येतं.

अभ्यासक्रमातल्या शिफारस केलेल्या ग्रंथांची यादी, विश्वकोशातल्या नोंदीखालचे संदर्भ, शासकीय अहवाल, संग्रहालयातली माहितीफलकं यांतले उल्लेख सायटेशन म्हणून मोजले जात नाहीत. त्यांची वेगळी यादी ठेवा, पुढे लागते.

गुण आणि संदर्भ या दोन वेगळ्या गोष्टी

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतला संशोधनगुणांचा तक्ता नीट वाचला तर दिसतं की त्यात सायटेशनला गुणच नाहीत. भाषा व मानव्यविद्यांत समीक्षित किंवा यूजीसी यादीतल्या नियतकालिकातल्या लेखाला १० गुण, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५. पुस्तकाच्या अनुवादाला ८, लेखाच्या किंवा प्रकरणाच्या अनुवादाला ३. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. कन्नड-मराठी अनुवाद करणारे आपले अनेक प्राध्यापक हे गुण मागतच नाहीत! अर्ज करताना त्या दिवशी कुठली नियमावली लागू आहे ते संस्थेकडून लेखी घ्या.

मान्य नियतकालिकांची केअर यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. त्या काळातल्या लेखांसाठी, लेख छापला तेव्हा नियतकालिक यादीत होतं याचा पुरावा लेखाच्या फाइलीतच लावून ठेवा.

बनावट नियतकालिकं

'आठ दिवसांत प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर सात' अशा जाहिराती व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात ते सांगणारा खरा जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही एकच कंपनी आपल्या वार्षिक अहवालात देते, आणि कला व मानव्यविद्यांच्या सूचीतल्या नियतकालिकांना तो २०२३ पर्यंत मिळतच नव्हता. तेव्हा मराठी लेख पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकाचा तो आकडा कुठून आला असेल, हे वेगळं सांगायला नको. आयएसएसएन असणं म्हणजे फक्त ओळखक्रमांक असणं, दर्जाची हमी नव्हे. यूजीसीने मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं आपल्या यादीतून काढली होती. पीएचडीच्या मुलांना हेही सांगा की २०२२ च्या नियमावलीपासून प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विचारायचं आणि घाईने पैसे भरायचे नाहीत.

समितीसमोर मांडायचं कसं

तक्त्याला एक पानाचं निवेदन जोडा. आपल्या कामातल्या तीन-चार प्रकाशनांपुरतंच लिहा. प्रत्येकासाठी प्रश्न कोणता होता, नवं काय मांडलं, ते पुढे कुणी वापरलं. आकडा द्या आणि लगेच उदाहरण द्या: 'या ग्रंथाला गुगल स्कॉलरवर इतके, हाताने शोधलेले इतके संदर्भ, पैकी इतके प्रबंधांत, इतके कन्नड ग्रंथांत'. बोलीवरच्या पुस्तकाचा वापर शाळेच्या शिक्षकांनी केला असेल तर मघाच्या वेगळ्या यादीतून तो इथे येतो. विशेषणं गाळा. 'महत्त्वपूर्ण योगदान' असं आपणच आपल्याबद्दल लिहिण्याऐवजी पान क्रमांक लिहिला की समितीला तपासता येतं.

समितीत कुणी फक्त एच-इंडेक्सवर अडून बसलं तर दोन दस्तऐवज हाताशी ठेवा. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आलेली डोरा घोषणा सांगते की नियतकालिकाच्या मापावरून एकेका संशोधकाचं मूल्य ठरवू नये. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांपैकी तिसरं तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातली गुणवत्ता जपायला सांगतं. खानापूर तालुक्यातल्या बोलीवरचं काम अमेरिकेतल्या नियतकालिकाला फारसं लागणार नाही, पण इथल्या शाळेला, इथल्या इतिहासाला ते लागतं. त्या तत्त्वाचा रोख याच प्रकारच्या कामाकडे आहे. मूल्यमापन होणाऱ्याला आपली माहिती तपासू द्यावी असंही त्या जाहीरनाम्यात आहे. त्याच्या आधारे समितीने वापरलेले आकडे मागून घेता येतात.

इथून पुढचा लेख

जुनं सावरत असतानाच नवं नीट सुरू करा. डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, युनिकोडमध्येच हवं. पुस्तकाला आयएसबीएन घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. प्रत्येक लेखाला मराठी सारांशासोबत इंग्रजी सारांश द्या, आणि आपल्या भागावरचा विषय असेल तर कन्नड सारांशही. दीडशे शब्द पुरतात. धारवाडच्या किंवा विजयपुरच्या संशोधकाला तुमचा लेख मराठीत पूर्ण वाचता आला नाही, तरी आत काय आहे ते कळेल आणि तो तुम्हाला शोधत येईल.

छापून आल्यावर एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात, एक सार्वजनिक वाचनालयात, एक धारवाडला, एक कोल्हापूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठवा. आणि शीट दर सहा महिन्यांनी उघडा, जून आणि डिसेंबरमध्ये, सत्र संपताना. फॉर्म आल्यावर उघडली तर हाताने शोधायचे संदर्भ पुन्हा राहूनच जातात.